नागोजीनं चाप ओढला का?

भोगीची जेवणं उरकली आणि खंडोजीराव पडवीत सगळ्यांच्या मधोमध येऊन उभे राहिले. एवढ्यावरच जगन्नाथरावांनी ओळखलं की धाकटा भाऊ आज काहीतरी मोडणार. खंडोजीराव बसून बोलले तर ती चर्चा असायची. उभे राहून बोलले तर निकाल.

"दादा, उद्या संक्रांत. पूजा झाली की मी घोडदळाच्या लायनीत जाणार," खंडोजीराव म्हणाले. "कमांडंट साहेबांना सांगणार, नागोजीचं नाव जमादारीला मी दिलं होतं, ते मीच परत घेतो. त्याच्या हाताखाली माणसं देऊ नका म्हणून सांगणार."

उद्या याच घरात सगळे एकमेकांच्या हातावर तीळ-गूळ ठेवून गोड बोला म्हणणार होते. आज मात्र ज्याला जे कडू बोलायचं होतं ते बोलून घ्यायची घाई झाली होती.

नागोजी खांबाला टेकून बसला होता. जगन्नाथरावांचा एकुलता एक, पागेतला दफेदार, घोड्यावर बसला की बघत राहावं असा. त्यानं मान वर केली नाही. पडवीच्या दुसऱ्या टोकाला, बाजेवर, खंडोजीरावांचा शंभू पडला होता. देवराज मोहल्ल्यातल्या शिंप्यानं त्याच्या सगळ्या सदऱ्यांची उजवी बाही कोपराशी दुमडून शिवून दिली होती. त्या दुमडलेल्या बाहीपुढं कुणाचं काही चालत नसे.

झालं होतं ते असं. मार्गशीर्षात बन्नूरच्या शेतावर ऊसतोड चालू असताना फडात बिबट्या शिरला. भल्या पहाटे, धुक्यात, दोघे चुलतभाऊ बघायला गेले. शंभूच्या हातात भाला होता आणि नागोजीच्या हातात खंडोजीरावांनी शंभूला घेऊन दिलेलं नवं पिस्तूल. बिबट्या शंभूवर पडला. नागोजी चार हातांवर होता. त्यानं पिस्तूल रोखलं आणि तो तसाच उभा राहिला. तोडकऱ्यांनी डबे वाजवले, कोयते घेऊन धावले, तेव्हा कुठं जनावर पळालं. पुढं इस्पितळात शंभूचा हात कापावा लागला. तोडकरी गावभर सांगत सुटले, नागोजीराव खांबागत उभे होते.

"पिस्तुलानं दगा दिला असेल," जगन्नाथराव म्हणाले. हे ते रोज म्हणत. "खंडू, तुझं ते बेल्जमचं पिस्तूल म्हणजे घड्याळ आहे. एकात एक घट्ट बसवलेलं. केस शिरायला जागा नाही. माझी सहाबारी बघ. हलवली तर खुळखुळते. खुळखुळते म्हणूनच तीस वर्षं चालते. घोडा कसा, हातोड्यासारखा आपटतो. आणि एक काडतूस फुसकं निघालं तरी काय बिघडलं? पुन्हा चाप ओढ, चक्री फिरते, पुढचं समोर येतं. तुझ्या त्याचं काय? मागचं उडेल तर पुढचं चढेल. मागचंच उडालं नाही तर पुढचं बसलं वाट बघत."

"दादा, तुमची सहाबारी सगळीकडून उघडी. चिखल, पाणी, मुंग्या, काय हवं ते आत जातं. माझं चहूबाजूंनी बंद आहे."

"बंद आहे म्हणूनच म्हणतो. बाहेरचं आत जात नाही, तसं आतलंही बाहेर येत नाही."

"आत काय असणार? मी त्याच दिवशी दुपारी ते उडवून बघितलं होतं. चाललं."

"तू एकट्यानं बघितलंस."

"हौदा? असं का?" खंडोजीराव म्हणाले. रागावले की त्यांच्या तोंडी कानडी आधी येई. "मग चला, सगळ्यांसमोर बघू. आत्ताच. चाललं तर बोलायचं नाही. कबूल?"

जगन्नाथराव कबूल म्हणाले. ते उगाच म्हणाले असं पुढं त्यांच्या पत्नी अंबुबाईंनी त्यांना बऱ्याच वेळा ऐकवलं; पण शस्त्राची पैज टाळणं त्या माणसाच्या रक्तात नव्हतं.

लायनीजवळच्या त्या घराला बंदुकीच्या आवाजाचं अप्रूप नव्हतं. परसात विहिरीपल्याड मातीचा ढीग होता, त्यावर एक फुटका माठ ठेवला. ऊन चांगलं तापलं होतं. खंडोजीरावांनी पिस्तुलात काडतुसांची पट्टी सरकवली, वरचा भाग मागं ओढून सोडला आणि एकामागून एक सातही गोळ्या झाडल्या. कुठं अडखळणं नाही, कुठं रुसणं नाही. रिकाम्या पुंगळ्या टणाटण उडून फरशीवर पडल्या. माठाचं नाव राहिलं नाही.

"वा! काय सफाई!" जगन्नाथरावांच्या तोंडून निघून गेलं. चांगलं हत्यार चांगलं चाललं की ते कुणाचं हे त्यांना आठवत नसे. मग त्यांना आठवलं. त्यांनी वळून मुलाकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात काय होतं ते पडवीतल्या सगळ्यांनी पाहिलं.

"नागोजी," ते म्हणाले, "निजा सांग. खरं काय ते सांग."

नागोजी उठून आत गेला.

अंबुबाई स्वयंपाकघरात उद्याचे तीळ निवडत होत्या. गोळ्यांचे आवाज त्यांनीही मोजले होते. मुलगा येऊन चुलीशी बसला तेव्हा त्यांनी सूप बाजूला ठेवलं नाही. ठेवलं असतं तर रडू आलं असतं.

"त्यांनीही तुला सोडलं का?" त्यांनी विचारलं.

"बाबांचं काय चुकलं? पिस्तूल चालतं की."

"पिस्तूल गेलं खड्ड्यात. तू काय केलंस ते मला सांग. मी तुझी आई आहे, कमांडंट नाही."

"आई, मला गोत्तिल्ला."

"गोत्तिल्ला म्हणजे काय रे? माहीत नाही म्हणजे? बोट तुझं की शेजाऱ्याचं?"

"रोज आठवायला बघतो. पिस्तूल उचललं ते आठवतं. बिबट्याचा कान दिसत होता तेही आठवतं. कान फाटका होता. मग चाप ओढला असं वाटतं. पण आवाज झाला नाही. आवाज झाला नाही म्हणजे ओढलाच नसणार. मग वाटतं, नुसतंच मनात ओढला. आधी मला खात्री होती. मग काका म्हणाले पिस्तूल चांगलं आहे, मग तोडकरी म्हणाले, मग शंभूची तुळसी माझ्या पानात वाढताना दुसरीकडं बघायला लागली. आता मलाच मी नुसता उभा असलेला दिसतो. लांबून दिसतो. जसा तोडकऱ्यांना दिसलो असेन तसा."

 मुलगा खोटं बोलत असता तर अंबुबाईंनी त्याला बडवला असता, खरं बोलत असता तर सगळ्यांशी भांडल्या असत्या. पण ज्याला स्वतःलाच कळत नाही त्याच्यासाठी भांडायचं तरी काय घेऊन? शिवाय एक गोष्ट त्या कुणाला सांगू शकत नव्हत्या. शंभूलाही त्यांनीच पाजलं होतं. जाऊबाई बाळंतपणात गेल्या तेव्हा नागोजी वर्षाचा होता; एका बाजूला हा, एका बाजूला तो. आता एकाची बाजू घेतली की दुसऱ्याची दुमडलेली बाही डोळ्यांपुढं येई.

"होगली," त्या शेवटी म्हणाल्या. "जाऊ दे. नाही झालास जमादार तर नाही. बन्नूरला ऊस लाव."

"आई, जमादारीचं नाही गं. भित्रा आहे म्हणतील तर म्हणू देत. पण मी आहे का नाही हे मला तरी कळायला नको का?"

माउलीनं सूप जवळ ओढलं. त्यांनी तिळातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

संक्रांतीच्या पहाटे घरातली सगळी माणसं तेल लावून न्हायची. तुळसी, शंभूची बायको, सगळ्यांच्या आधी उठली. तिला नवऱ्याला न्हाऊ घालायचं होतं. एका हातानं त्याला ते जमत नसे आणि दुसऱ्या कुणाला तो हात लावू देत नसे. बाहेर चळी होती, चांगलीच थंडी. तिनं तेलाचं बुडकुलं घेतलं, पळी घातली, तर पळी आत जाईना. खोबरेल पांढरं घट्ट झालं होतं. थंडीत ते रोजच तसं होई. रोजच्यासारखं तिनं ते न्हाणीच्या चुलवणाशी ठेवलं आणि वाट बघत बसली.

तुळसीनं इतके दिवस नागोजीला माफ केलं नव्हतं. का करावं? लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि नवरा आता तंबाखूची पुडीही दातांनी सोडत होता. काल गोळ्या वाजल्या तेव्हा तिला बरंच वाटलं होतं: चला, एकदाचं ठरलं. मग तिला नागोजीचा चेहरा दिसला होता, आणि तेव्हापासून तिचं तिलाच नीट कळेनासं झालं होतं. भित्र्या माणसाचा चेहरा असा असतो? तिच्या माहेरी एक मामा पक्का भित्रा होता. तो बोलून बोलून कान किटवायचा. हा तर गप्पच.

चुलवणाशी तेल हळूहळू सुटायला लागलं. कडेनं आधी पातळ झालं, मधला गोळा तरंगू लागला. तुळसी बघत होती. एकदम ती उठली.

खंडेनवमीला या घरात शस्त्रांना न्हाऊ घालत. थोरली सवाष्ण आपल्या हातानं तेल लावी, मग गंध, मग हळद-कुंकू. आणि देवीचं तेल पुसायचं नाही, अशी जुनी रीत. इतर साली तिळाचं तेल असे. या वर्षी घरात नवं पिस्तूल आलं होतं. अंबुबाई म्हणाल्या होत्या, नवी सून आली की पहिल्या वर्षी तिला चांगलं तेल, तसं याला. बन्नूरच्या नारळांचं ताजं खोबरेल काढून मोराच्या पिसानं त्यांनी ते फटीफटीतून थेंब थेंब सोडलं होतं. तुळसीनं समोर वाटी धरली होती. "पी गं बाई, पोटभर पी," असं त्या पिस्तुलाला म्हणाल्याचंही तिला आठवलं.

ती तशीच ओल्या पायांनी पडवीत आली. खंडोजीराव फेटा बांधत होते.

"मामंजी, पिस्तूल कुठंय?"

"कशाला?"

"उडवून बघा. आत्ता. ऊन यायच्या आत."

"काल बघितलं ना? तुला काय वेड लागलं काय गं?"

"काल दुपार होती. बन्नूरला पहाट होती." तिचा आवाज चिरकला. सासऱ्यापुढं ती एवढं कधी बोललीच नव्हती. "मामंजी, आपलं तेल बघा, दगड झालंय. त्याच्या पोटात तेच तेल आहे."

खंडोजीराव काही समजले नाहीत. जगन्नाथराव मात्र न्हाणीतून पंचा गुंडाळून, डोक्यावरून तेल निथळत बाहेर आले ते थेट कोनाड्याकडं. पिस्तूल रात्रभर दगडी कोनाड्यात गार पडलं होतं. त्यांनी वरचा भाग मागं ओढून बघितला. तो आला, पण कुरकुरत, अर्धझोपेत उठवलेल्या माणसासारखा.

"तू झाड," ते भावाला म्हणाले. "मी झाडलं तर म्हणशील दादानं काहीतरी केलं."

सगळे परसात गेले. शंभूही उठून आला. धुकं विहिरीवर बसलं होतं. खंडोजीरावांनी काडतुसं भरून पिस्तूल ढिगाकडं रोखलं आणि चाप ओढला.

काही झालं नाही. कान देऊन ऐकणाऱ्याला, उंदरानं दाणा कुरतडावा एवढासा आवाज आला असेल.

खंडोजीरावांनी पिस्तुलाकडं बघितलं, मग भावाकडं, मग तुळशीवृंदावनाकडं. काडतूस बदलून पुन्हा ओढला. पुन्हा तसंच.

"एनु इदु?" ते पुटपुटले. "हे काय? अरे काल... काल तर..."

"आण इकडं." जगन्नाथरावांनी काडतूस काढून हातात धरलं. मागच्या टोपीवर पिस्तुलाच्या आतल्या सुईची खूण होती, पण नुसती टेकल्यासारखी. "बघ. सुई पोचली, पण जोर नाही. तेलातून पोहत गेली बिचारी." मग त्यांनी पिस्तूल पुरतं रिकामं केलं, काखेत धरलं आणि वर दुसरा पंचा लपेटून त्या कडाक्यात उघड्या अंगानं फेऱ्या मारू लागले. कोंबडी अंड्यावर बसावी तसं ते दिसत होतं, पण कुणी हसलं नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी ते बाहेर काढलं, पुन्हा भरलं आणि भावाच्या हातात दिलं. खंडोजीरावांनी चाप ओढला. गोळी धाडकन सुटली.

"माझ्या सहाबारीलाही तेच तेल पाजलंय," जगन्नाथराव म्हणाले. त्यांनी ती आणवली, गारच्या गार उचलली आणि झाडली. तीही धाडकन वाजली. "बघितलंस? हिचा घोडा बाहेर, स्प्रिंग दणकट, आत जागा ऐसपैस. तुझ्या पिस्तुलात खोट नाही खंडू. पण त्याला सगळं नेमकं लागतं, तेलसुद्धा. आमच्या चुका पोटात घालते ती ही म्हातारी. टिकतं ते असं असावं लागतं. मी पहिल्यापासून..."

"अहो, सुम्ने, गप्प बसा!" अंबुबाई म्हणाल्या.

त्या दारात उभ्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता. मुलगा सुटला हे त्यांना कळलं होतं, आणि त्याच क्षणी दुसरंही कळलं होतं.

"म्हणजे मी," त्या म्हणाल्या. "शंभूचा हात मी खाल्ला."

 नाही म्हणावं तर समोर घडलं होतं, हो म्हणावं तर जीभ रेटत नव्हती. खंडोजीरावांना लायनीत जायचं होतं, फेटा अर्धा बांधलेला होता, आणि तिथं जाऊन कुणाविरुद्ध बोलायचं हेच त्यांना कळेनासं झालं होतं. इतके दिवस राग ठेवायला एक जागा होती. आता तो घेऊन ते परसात नुसते उभे होते. वहिनीवर रागवायचं? शंभूची आई गेल्यावर ज्यांनी आपलं पोर वाढवलं त्यांच्यावर?

"भावजी, जा तुम्ही," अंबुबाई म्हणाल्या. "साहेबांना माझं नाव सांगा. पोराचं नाव राखा."

"वहिनी, घरातल्या बाईचं नाव मी लायनीत कसं घेऊ? काय सांगू? पिस्तुलाला न्हाऊ घातलं म्हणून?"

"माझं सांगा," शंभू म्हणाला.

इस्पितळातून आल्यापासून या विषयावर त्याचा हा पहिला शब्द होता. खंडोजीरावांनी कुणाला त्याला विचारूच दिलं नव्हतं. पोराला त्रास नको म्हणून.

"पिस्तूल माझं होतं. शिपायानं आपलं हत्यार आपण साफ करायचं. नवमी झाल्यावर मी पुसून, खोलून, विलायती तेल लावायला हवं होतं. मोठी आई रागावेल म्हणून नाही लावलं. असं सांगा. यात खोटं काही नाही." मग तो अंबुबाईंकडं वळला. "आणि मोठी आई, तू आता रडत बसू नकोस. सणाचं आहे. मला न्हायचंय, तेल पातळ झालंय."

अंबुबाईंनी तोंडाला पदर लावला. तुळसी त्यांना धरून आत घेऊन गेली. नागोजीपाशी ती थबकली. "भावजी, आज माझ्या हातचं जेवा," एवढंच म्हणाली. खंडोजीराव फेटा बांधत बांधत पुतण्यासमोर आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेले. लायनीच्या वाटेवर ते दोनदा थांबले असं नंतर लोकांनी सांगितलं.

जगन्नाथराव सहाबारी घेऊन आत गेले आणि परसात दोघेच चुलतभाऊ उरले. विहिरीवरचं धुकं विरत होतं.

सगळ्यांनी नागोजीला सोडवलं होतं. छातीवरचा धोंडा उतरावा तसं त्याला व्हायला हवं होतं, आणि थोडं झालंही. त्याचे डोळे भरून आले. पण पिस्तूल चाललं नसतं एवढंच सिद्ध झालं होतं. ज्यानं चाप ओढला त्याचंही ते चाललं नसतं, आणि ज्यानं ओढलाच नाही त्याचंही नसतं. हे परसातल्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याच्या आलं होतं.

"शंभ्या," तो म्हणाला, "तू सांग. माझं बोट हललं होतं का?"

शंभूनं त्याच्याकडं नीट पाहिलं.

"हललं होतं," तो म्हणाला. "दोनदा ओढलास. मी डोळ्यांनी बघितलं."

नागोजीनं मान हलवली. शंभू आत निघाला, दुमडलेली बाही सावरत.

बिबट्या पळाल्यावर शंभूला नागोजीनंच उचललं होतं. बिबट्या अंगावर पडला तेव्हापासून तो उपडाच होता, तोंड उसाच्या पाल्यात पुरतं रुतलेलं. त्याला उताणा करून, डोळ्यांतली माती नागोजीनं आपल्या हातानं पुसली होती.